कुरणमृदा-परीक्षण

गुरे, शेळ्या व मेंढ्या चरतात त्या जमिनीतील मातीची गवत वाढविण्याची, पाणी मुरविण्याची व झीज भरून काढण्याची क्षमता अजमावण्याच्या रीतीस कुरणमृदा-परीक्षण म्हणतात. शेतातील मातीपरीक्षेची पद्धत येथे अपुरी पडते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युत् संवाहकता, सेंद्रिय कार्बन व नऊ पोषकद्रव्ये असे बारा घटक ठरविण्यात आले; माती खुरांखाली किती दबली व पाणी किती मुरते, यांचा त्यांत समावेश नाही. चराऊ जमिनीचा बिघाड तर बहुधा तेथूनच सुरू होतो.

आंबेगाव तालुक्यातील (पुणे जिल्हा) निरगुडसरचा परिसर घोड नदीच्या खोऱ्यात, तालुक्याच्या कमी पावसाच्या पूर्व भागात येतो. बेसॉल्ट खडकापासून बनलेली येथील माती सखल भागात खोल व काळी, तर माळावर उथळ व मुरमाड आढळते. डिंभे धरणाच्या कालव्यांमुळे तालुक्याच्या या भागात ऊस वाढला. चराईस मुख्यतः माळ व गायराने उरली. दोन्ही प्रकारच्या मातीचे नमुने एकत्र मिसळल्यास निष्कर्ष निरर्थक ठरतो.

परीक्षणाचा आरंभ गवतापासून करावा. पी. एम. दाबडघाव व के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय तृणाच्छादनाच्या वर्गीकरणात दख्खनचे पठार शेडा-मारवेल प्रकारात मोडते. ही बहुवर्षायू गवते टिकून असल्यास माती बऱ्या स्थितीत समजावी. कुसळीचे प्राबल्य हे अतिचराईचे लक्षण होय. केवळ हंगामी गवत, तरोटा व उघडा मुरूम दिसल्यास ऱ्हास पुढे गेलेला असतो.

पाणी मुरण्याची चाचणी सोपी आहे. १५ सेंमी. व्यासाचे पत्र्याचे कडे जमिनीत थोडे ठोकून त्यात सुमारे ४४० मिलि. (२.५ सेंमी. उंचीचे) पाणी ओततात व ते जिरण्यास लागणारा वेळ मोजतात. आधी जमीन एकदा भिजवून घ्यावी, अन्यथा कोरड्या भेगा फसवितात. हीच चाचणी गुरांच्या वाटेवर व कुंपणाआड राखलेल्या तुकड्यात करून पाहिल्यास दबलेपणाचा अंदाज येतो. अशी स्थानिक तुलना कोणत्याही छापील प्रमाणापेक्षा अधिक भरवशाची असते. वाळलेले ढेकूळ पाण्यात ठेवताच विरघळले, तर मातीची कणरचना दुबळी आहे असे समजतात.

प्रयोगशाळेसाठी १५ सेंमी. खोलीपर्यंतची माती नागमोडी चालत १५-२० ठिकाणांहून घेतात. झाडाची सावली, पाणवठा व गुरे बसण्याच्या जागा वगळाव्यात. तेथे शेणमूत्र साचून आकडे फुगतात. उलट उरलेला माळ क्रमाने निःसत्त्व होतो. मेंढ्या दिवसा माळावर चरतात व रात्री शेतात बसविल्या जातात. शेणही गोवऱ्यांसाठी उचलले जाते. माळाचे नत्र व स्फुरद अशा रीतीने शेतात व चुलीत जाते. त्यामुळे आलेला कमी आकडा पाहून गायरानास मुळातच निकस ठरविणे चुकीचे होय. काही काळ चराई थांबवून तीच चाचणी पुन्हा घेतल्यावरच तसा निर्णय करता येतो.