बाटलीचें बूच

वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत नाताळासाठीं घरीं वाइन करण्याची चाल आहे. त्या श्रमांचें यश पुष्कळसें बुचावर अवलंबून असतें. रस आंबत असतां तें घट्ट बसविल्यास कोंडलेल्या वायूनें बाटली फुटते. पुढें सैल राहिल्यास प्राणवायु आंत शिरून वाइनचा शिरका होतो. शिरका करणाऱ्या जंतूंस हवा लागते, हें पाश्चर यांनीं १८६४ सालीं दाखविलें. ओकाच्या सालीचें बूच सुकलें कीं आकसतें. म्हणून बाटली आडवी ठेवावी. आट्यांच्या झांकणास ही गरज नसते. त्यांतील चकती हवा अडविते. मात्र बाटलींत राहिलेली हवा कोणतेंच बूच काढीत नाहीं; म्हणून ती गळ्यापर्यंत भरावी, असें आम्ही सुचवितों. लोणच्यावर तेलाचा थर राखणाऱ्या आमच्या गृहिणींस हें तत्त्व नवें नाहीं.