'एल' गायब, गुपित उघड!

समोर एक लांबलचक सांकेतिक संदेश आहे. अक्षरांची नुसती खिचडी. त्यात 'एल' एकदाही आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असतं? मेव्हिस लीव्हरच्या आलं! जर्मन भाषेचं शिक्षण अर्धवट सोडून ती दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या इंग्लंडच्या ब्लेचली पार्क केंद्रात रुजू झाली, तेव्हा अवघी १९ वर्षांची होती.

गंमत बघा. शत्रू संदेश सांकेतिक करायचा त्या एनिग्मा यंत्रावर कुठलंही अक्षर दाबा, त्याच्या जागी तेच अक्षर कधीच उमटत नाही. मग अख्ख्या संदेशात 'एल' का नाही? कारण ऑपरेटरने 'एल'शिवाय काही दाबलंच नव्हतं! चाचणीचा संदेश पाठवायचा होता, पठ्ठ्या कळफलकावरची शेवटची कळ दाबत बसला. एवढ्या धाग्यावरून मेव्हिसने यंत्रातल्या नव्या चाकाची जोडणी शोधून काढली.

मार्च १९४१ मध्ये तिने इटालियन नौदलाचा एक संदेश फोडला. अर्थ एवढाच, की तीन दिवसांनी काहीतरी घडणार. काय? तिचा गट तीन दिवस, तीन रात्री जागेवरून हलला नाही. बेत सापडला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. तो पोचवायला ही पोरगी भर पावसात धावत सुटली. त्यानंतर झालेल्या मातापानच्या लढाईत इटलीने तीन मोठ्या क्रूझर आणि दोन विनाशिका गमावल्या. ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल कनिंगहॅम आभार मानायला स्वतः ब्लेचलीला आले.

ब्लेचलीतल्याच जोन क्लार्कची गोष्ट मात्र चीड आणते. गणितात अव्वल, पण केंब्रिज तेव्हा मुलींना पूर्ण पदवीच देत नसे. ब्लेचलीत पगार वाढवायचा तर बायकांसाठी वरचा हुद्दाच नाही, म्हणून कागदोपत्री तिला 'भाषातज्ज्ञ' केलं. तिने फॉर्म भरला: हुद्दा भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा एकही नाही! १९४४ मध्ये ती ब्लेचलीतल्या 'हट ८' या विभागाची उपप्रमुख झाली.

तिकडे अमेरिकन नौदल याच कामासाठी कॉलेजकन्यांना दोनच प्रश्न विचारायचं: शब्दकोडी आवडतात का? लग्न ठरलंय का? पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही, की निवड पक्की.

१९४५ च्या सुरुवातीला ब्लेचलीत सुमारे नऊ हजार माणसं होती, चारांतल्या तीन बायका. घरी चकार शब्द काढायची बंदी. गुपित फुटलं १९७४ मध्ये. तोवर कितीतरी जणींचे आईवडील लेकीचा पराक्रम न कळताच गेले होते.

ब्लेचली पार्क आता संग्रहालय आहे, लंडनहून ट्रेनने तासाभराच्या आत. गेलात तर तबेल्याच्या आवारातली ती कॉटेज जरूर बघा. मेव्हिस तिथेच काम करायची.