इयत्ता पहिलीच्या वर्गातील शिस्त : दंड आणि योजना

प्राथमिक शाळेतील पहिल्या दोन इयत्तांचा वर्ग स्वभावतःच चंचल असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचे शरीर फार वेळ स्थिर राहत नाही, त्याचे अवधान अल्पकाळ टिकते आणि मनात आलेली गोष्ट बोलून दाखविल्याशिवाय त्यास चैन पडत नाही. या वर्गातील गलबला हा नैतिक दोष नसून वयाचा धर्म होय. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही मराठी शाळांतील परंपरागत आज्ञा या धर्मास क्षणभर स्थगित करते. आज्ञेचा प्रभाव ओसरताच गलबला पूर्ववत् सुरू होतो. कारण हात आणि तोंड ही दोन्ही अडविली, तरी त्यांना काम असे काहीच दिलेले नसते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंस प्रतिबंध केला. छडी कायद्याने गेली; तिच्या जागी शिक्षकाने काय करावे, हे मात्र प्रतिबंधक कलमातून शिकता येत नाही. ज्यास दुसरा मार्ग कोणी दाखविलेला नाही, त्याच्यापाशी आवाज चढविणे आणि उपहास करणे एवढेच उरते. आणि उपहास हाही मानसिक त्रासच आहे. त्यामुळे वर्गशिस्तीचा प्रश्न हा मुख्यतः अध्यापक-शिक्षणाचा प्रश्न ठरतो.

या प्रश्नावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांच्या संशोधनाने महत्त्वाचा प्रकाश टाकला. १९५८ साली कूनिन व पॉल गंप यांनी बालवर्गांतील अभ्यास प्रसिद्ध केला. एका मुलास दिलेल्या समजेचा परिणाम ती पाहणाऱ्या इतर मुलांवर कसा होतो, हे त्यांनी पाहिले. काय चुकले व काय करावे हे स्पष्ट सांगणाऱ्या समजेने पाहणारी मुलेही अधिक नीट वागली. कठोर समजेने मात्र ती सुधारण्याऐवजी अस्वस्थ झाली. पुढे वर्गांच्या दृक्‌श्राव्य नोंदी घेऊन कूनिन यांनी १९७० साली ग्रंथरूपाने आपले निष्कर्ष मांडले, ते याहून अनपेक्षित होते. गोंधळ झाल्यावर शिक्षक कोणत्या पद्धतीने आवर घालतो, यावरून सुव्यवस्थित आणि अव्यवस्थित वर्ग वेगळे ओळखता येईनात. भेद होता तो गोंधळापूर्वीच्या वर्तनात.

सुव्यवस्थित वर्गातील शिक्षकाचे लक्ष संपूर्ण वर्गभर असे, आणि तसे ते आहे याची मुलांना सतत जाणीव असे. तो खऱ्या खोडकरासच आणि खोडी पसरण्यापूर्वीच हटकी. उशिरा हटकणे अथवा भलत्याच मुलास हटकणे, यांतून शिक्षकाचे लक्ष नाही एवढेच वर्ग शिकतो. दुसरे लक्षण, एका वेळी दोन गोष्टी सांभाळण्याचे कौशल्य. तिसरे, पाठाची अखंड गती. ‘पाट्या काढा’ असे सांगून लगेच ‘नको, आधी पुस्तक उघडा’ म्हणणे, एका मुलाच्या हरवलेल्या पेन्सिलीसाठी तीस मुलांना थांबविणे, फळ्याकडे तोंड करून दीर्घकाळ लिहीत राहणे, या प्रत्येक प्रसंगी वर्गात एक पोकळी निर्माण होते. आणि लहान मूल पोकळी रिकामी ठेवीत नाही.

वारंवार आज्ञा देण्याची निष्फळता १९६८ साली मॅडसन, बेकर आदींच्या प्रयोगात दिसून आली. इयत्ता पहिलीच्या वर्गात ‘खाली बसा’ ही आज्ञा जितकी वाढविली, तितकी उभी राहणारी मुले वाढली. बसून काम करणाऱ्यांची प्रशंसा केल्यावर ती घटली. उभे राहण्याने शिक्षकाचे लक्ष मिळते, एवढाच बोध मुलांनी आज्ञेतून घेतला होता. तथापि प्रशंसेचे रूपांतर बक्षिसाच्या आमिषात होऊ नये. लेपर, ग्रीन व निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्र काढण्याबद्दल आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेल्या बालकांची चित्रकलेतील स्वाभाविक गोडी पुढे कमी झालेली आढळली.

महाराष्ट्रातील द्विशिक्षकी शाळांच्या दृष्टीने या निष्कर्षांना विशेष अर्थ आहे. साठपर्यंत पटसंख्येस दोन शिक्षक असे उपरोक्त अधिनियमाचे मान आहे. चार इयत्तांच्या अशा शाळेत एका शिक्षकाकडे सहसा दोन इयत्ता येतात. दुसरीचा पाठ चालू असता पहिलीच्या मुलांपाशी काम नसेल, तर गोंधळ अटळ होय. ‘गप्प बसा’ हे काम नव्हे. चिंचोके मोजून दहा-दहांचे ढीग करणे, हे काम होय. तेही रोज तेच असून चालत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांच्या स्वतंत्र कामात वैविध्य असणे किती आवश्यक आहे, हे कूनिन यांनीही दाखविले आहे.

हा विचार महाराष्ट्राला अपरिचित नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या. पुढे कोसबाड येथे, गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच, शाळाच कुरणात नेण्यात आली. मुलास दोष देण्याऐवजी व्यवस्था बदलावी, हे तत्त्व तेथे कृतीत उतरले.

वर्गनिरीक्षणाच्या तक्त्यांत मुलाने किती वेळा खोडी केली, याची नोंद करण्याचा प्रघात आहे. त्याच नोंदीशेजारी, खोडीपूर्वीच्या दोन मिनिटांत त्या मुलाच्या हाती काय काम होते, असा एक रकाना वाढविल्यास तक्त्याचा उपयोग बदलेल. पहिली नोंद केवळ मुलाविषयी सांगते. दुसरी अध्यापनाविषयी सांगते, आणि प्रशिक्षणाने सुधारता येण्याजोगे आहे ते अध्यापनच.