प्रश्न घेऊन व्याख्यानाला चला

शाळेच्या फलकावर एखादे दिवशी एक कागद लागतो : अमुक विद्यापीठात अमुक तारखेला जाहीर व्याख्यान, प्रवेश सर्वांस खुला. त्याखाली दुसरी सूचना असते, दोन दिवसांच्या कार्यशाळेची. तुम्ही तो वाचता आणि पुढे जाता. "हे कॉलेजातल्या मुलांसाठी असेल, आपल्याला त्यातले काय कळणार?" असे तुम्हाला वाटते. आज आपण नेमका हाच विचार तपासून पाहू.

प्रथम एक गोष्ट ऐका. १८१२ साली लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात एक तरुण उमेदवारी करीत होता. त्याचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले होते. एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. तरुणाने प्रत्येक व्याख्यानाची टिपणे काढली, घरी ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या जोडल्या आणि सुमारे ३०० पानांची ती वही स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली. १८१३ साली त्याला डेव्हींच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली. हा तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. ज्या तत्त्वावर आजची विद्युत जनित्रे चालतात ते त्यांनी १८३१ साली शोधले. ती व्याख्याने शेकडो लोकांनी ऐकली होती. फॅरडे ऐकून थांबले नाहीत, एवढाच काय तो फरक!

तुम्ही म्हणाल, "ते लंडन होते, आमच्या गावात कुठली व्याख्याने?" बरे, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नांदगावचेच उदाहरण घेऊ. मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. येथील तिठ्यावरून देवगडकडे रस्ता फुटतो आणि कोकण रेल्वेचे नांदगाव रोड हे स्थानकही आहे. दक्षिणेला कणकवली आहे, तिथे महाविद्यालय आहे. उत्तरेला तळेरे लागते. तिथून पश्चिमेला वळले की रस्ता थेट विजयदुर्गाला जातो. या किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा करण्याची प्रथा अलीकडच्या वर्षांत पडली आहे. म्हणजे विज्ञानाचा कार्यक्रम एसटीच्या टप्प्यात आहे. समजा, तुम्ही तिथे गेलात. मग काय ऐकाल?

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण अशी पूर्वेला गेली. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही रेषा ५८७.६ वर, म्हणजे त्यांच्या अगदी शेजारी, पण वेगळी होती. तेव्हा माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. नॉर्मन लॉकियर यांनी ती एका नव्या मूलद्रव्याची मानली. सूर्याच्या 'हेलिओस' या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर तो वायू १८९५ साली विल्यम रॅम्से यांना एका युरेनियमयुक्त खनिजात सापडला.

विजयदुर्गावर काही चौथरे दाखवतात आणि लॉकियर साहेबांनी तेथूनच हेलियम शोधला असे सांगतात. आता तुम्ही आदल्या दिवशी ग्रंथालयात बसून लॉकियर यांचे चरित्र वाचले असेल तर? त्यात आढळेल की ग्रहणाच्या वेळी ते भारतात नव्हते, इंग्लंडमध्ये होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहता येतो, हे त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच दाखवून दिले. गुंटूरला ग्रहण पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांनाही हीच युक्ती ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती. मग विजयदुर्गाच्या चौथऱ्यांवर कोणी, काय पाहिले? हा प्रश्न हात वर करून विचारण्याजोगा आहे. तो विचारल्याने किल्ल्याचा मान कमी होत नाही. उलट, ऐकलेली गोष्ट आणि तपासलेली गोष्ट यांतला भेद सर्वांच्या ध्यानी येतो. विज्ञानाची सुरुवात तिथेच होते.

प्रश्नांचे महत्त्व आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी फार चांगले ओळखले होते. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. ते सांगत, "पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर लिहीन, त्याखाली माझी सही असेलच." पुण्यात १९८८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली 'आयुका' ही संस्था उभी राहिली. तिथे शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्याने होऊ लागली.

आता कार्यशाळा म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडमधील जेम्स स्टुअर्ट हे प्राध्यापक १८६७ पासून विद्यापीठाबाहेर, गावोगावी खगोलशास्त्रावर बोलत. एकदा त्यांनी आपले तक्ते सभागृहात तसेच टांगून ठेवायला सांगितले. पुढच्या खेपेला कळले की लोक त्या तक्त्यांभोवती जमून चर्चा करीत होते आणि त्यांच्या मनात पुष्कळ शंका साठल्या होत्या. तेव्हापासून व्याख्यानाला जोडून शंका-समाधानाचा वर्ग भरू लागला. आपल्या विद्यापीठांची बहिःशाल व्याख्याने याच परंपरेतली. कार्यशाळा याच्याही एक पाऊल पुढे जाते. तिथे माणसे थोडी असतात आणि प्रत्येकाच्या हाताला काम असते. व्याख्यानात तुम्ही पिवळ्या रेषेविषयी ऐकता, कार्यशाळेत वर्णपट स्वतः पाहता.

त्याची तयारी घरीही करता येईल. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूस ब्लेडने बारीक, सरळ चीर पाडा. समोरच्या बाजूस आत जुनी सीडी तिरकी बसवा आणि तिच्यावर नजर जाईल असे छिद्र वरच्या बाजूस पाडा. सीडीवर एका मिलिमीटरात सुमारे ६२५ रेषा असतात, त्यामुळे प्रकाशाचे रंग वेगळे होतात. चीर मेणबत्तीकडे धरा, रंगांचा सलग पट्टा दिसेल. मग ती ट्यूबलाइटकडे धरा. आता काही रंग सुट्या पट्ट्यांसारखे उठून दिसतील. असे का, हे वहीत लिहून ठेवा. मात्र खोके सूर्याकडे कधीही रोखू नका, डोळ्यांना कायमची इजा होईल.

व्याख्यानाला जाण्यापूर्वी विषयावर दोन पाने तरी वाचा आणि एक प्रश्न कागदावर लिहून न्या. ऐकताना सगळे उतरवू नका. नवे शब्द, आकडे आणि न कळलेल्या जागा तेवढ्या टिपा. त्याच रात्री टिपण पुरे करा. प्रश्न विचारताना एकच विचारा आणि थोडक्यात विचारा. वेळ संपली तर तो पत्राने पाठवा.

शिक्षकांनाही एक विनंती. फलकावर कागद लावून थांबू नका. चार मुलांना सोबत घेऊन जा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वर्गापुढे दहा मिनिटे बोलू द्या. नांदगावहून चार मुले गेली, तर चाळीस मुलांपर्यंत ते व्याख्यान पोहोचेल.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. रामन परिणामाची घोषणा १९२८ साली त्याच दिवशी झाली होती. त्या सुमारास अनेक विद्यापीठे आणि प्रयोगशाळा आपली दारे सर्वांसाठी उघडतात. तुमच्या शाळेच्या फलकावर तसा कागद लागेलच. तोवर तुमचा प्रश्न लिहून तयार ठेवा.