विनंती गेली, उत्तर यावयाचे आहे

ठाणे शहराच्या उत्तर भागात खाडीकाठी वसलेले कोलशेत आज महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. महसुली दप्तरात मात्र ते ठाणे तालुक्यातील एक गाव आहे. तेथील जमिनीचा अभिलेख संगणकावर पाहावयाचा झाल्यास प्रथम जिल्हा, नंतर तालुका आणि शेवटी गाव निवडावे लागते. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला आणि निवडीची ही रीत खातेदारांच्या चांगलीच अंगवळणी पडली. अशा पानामागे विनंती आणि उत्तर यांचा जो व्यवहार चालतो, तो सेवा देणाऱ्यांनीही समजून घेण्यासारखा आहे.

तालुका निवडला की ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे गावांची यादी मागतो. उत्तर क्षणार्धात येईल, दहा सेकंदांनी येईल किंवा येणारही नाही. ब्राउझरमध्ये पान चालविणारा प्रोग्राम सामान्यतः एका वेळी एकच काम करतो. तो उत्तराची वाट पाहत थांबला, तर सारे पानच गोठेल. म्हणून तो विनंती पाठवितो आणि पुढील कामास लागतो. कार्यालयांना ही पद्धत नवी नाही. पत्र जावक नोंदवहीत चढते, टपालात पडते आणि लिपिक दुसरी नस्ती उघडतो. पान पुन्हा न उघडता मागील बाजूने माहिती मागविण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये दिली; ‘एजॅक्स’ या नावाने ही पद्धत २००५ पासून सर्वत्र रूढ झाली.

खरी अडचण पुढे आहे. उत्तर येईपर्यंत पानाने काय दाखवावे? अनेक ठिकाणी यादी रिकामी आहे एवढेच पाहून ‘नोंद आढळली नाही’ असे छापले जाते. वस्तुतः उत्तर अद्याप यावयाचे असते. आपल्या जमिनीची नोंदच नाही, अशा समजुतीने खातेदार हेलपाटे घालू लागतो. यासाठी पानाच्या स्थितीत चार अवस्था वेगळ्या राखाव्या लागतात : विनंती केलेली नाही, विनंती गेली आहे, उत्तर मिळाले, विनंती फसली. उत्तरात यादी खरोखरच रिकामी असणे ही तिसऱ्या अवस्थेतील बाब होय. तिची गल्लत पहिल्या दोहोंशी होता कामा नये.

याहून फसवी चूक क्रमाची. समजा, कोलशेतच्या खातेदाराने चुकून खाडीपलीकडील भिवंडी तालुका निवडला आणि लगेच दुरुस्ती करून ठाणे निवडला. दोन विनंत्या गेल्या. ठाण्याची यादी आधी आली, भिवंडीची मागाहून. आणि मागाहून आलेल्या यादीने पहिली पुसून टाकली. आता वर तालुका ठाणे, खाली गावे भिवंडीची! विनंत्या ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील, असे गृहीत धरल्याचा हा परिणाम. उपाय जावक क्रमांकाचाच आहे. प्रत्येक विनंतीस क्रमांक द्यावा आणि शेवटच्या क्रमांकाचे उत्तर तेवढे स्वीकारावे. जुनी विनंती रद्द करण्याची सोयही आजच्या ब्राउझरांत आहे. परंतु ब्राउझरने उत्तराची वाट सोडली, म्हणजे सर्व्हरने काम थांबविलेच असे नव्हे.

स्थिती सांभाळण्यासाठी २०१५ मध्ये रिडक्स ही प्रणाली पुढे आली. तिच्यात स्थिती बदलणारा भाग टेबल सोडत नाही : हाती आलेली नोंद वाचावयाची, जुन्या स्थितीवरून नवी स्थिती तयार करावयाची, बस्स. सर्व्हरकडे जाण्याचे काम मध्यस्थाकडे असते. तो जाताना एक नोंद देतो, परत आल्यावर यशाची वा अपयशाची दुसरी. त्यामुळे काय केव्हा घडले, हे पुढे तपासता येते. लहान पानासाठी एवढा सरंजाम लागतोच असे नाही.

विनंती फसल्यास ती पुन्हा पाठवावी काय? यादी मागावयाची असेल तर खुशाल पाठवावी. दोनदा वाचल्याने दप्तर बदलत नाही. शुल्क भरण्याची गोष्ट निराळी. पैसे खात्यातून गेले आणि पोच वाटेत हरवली, तर दुसऱ्या विनंतीने शुल्क दोनदा कापले जाऊ शकते. म्हणून अशा व्यवहारास आरंभीच एक क्रमांक देऊन पुनर्विनंतीतही तोच पाठवावा लागतो, आणि तो पूर्वी आला असल्यास सर्व्हरने पुन्हा वसुली न करता आधीचीच पावती परत द्यावयाची असते. बटण एकदा दाबल्यावर ते बंद ठेवणे उपयोगी खरे; पण वीज गेली आणि पान नव्याने उघडले की बटण पुन्हा चालू होते, क्रमांक मात्र सर्व्हरच्या नोंदीत राहतो.