प्रा. हेन्री व्हॅनडाइक कार्टर : एका संज्ञेचा विचार

मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८४५ मध्ये झाली. तेथे १८५८ मध्ये शरीररचना व शरीरक्रिया या दोन्ही शास्त्रांचे प्राध्यापक म्हणून हेन्री व्हॅनडाइक कार्टर (१८३१–१८९७) यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचा शरीररचनेवरील सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. त्यातील आकृत्या कार्टर यांनी रेखाटल्या होत्या. परंतु त्या श्रमांबद्दल त्यांना एकरकमी १५० पौंड मिळाले आणि ग्रंथ ग्रे यांच्याच नावाने ओळखला गेला.

कार्टर यांचे स्वतंत्र कार्य मुंबईत झाले. अनवाणी चालणाऱ्या कष्टकऱ्यांच्या पायास होणारा एक रोग तेव्हा ‘मदुरा पाद’ म्हणून परिचित होता. पाय सुजे, त्यास छिद्रे पडत आणि पुवावाटे काळे वा फिकट कण बाहेर येत. हे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, रोगाचे मूळ कवकात आहे, असे प्रतिपादन कार्टर यांनी १८६०–६१ च्या सुमारास केले आणि रोगास ‘मायसेटोमा’ ही ग्रीकोद्भव संज्ञा दिली. तिचा अर्थ कवकजन्य गाठ असा होय. जुने नाव रोग कोठे आढळला हे सांगते. नवे नाव तो कशाने होतो हे सांगते. अवयवाच्या वर्णनाकडून विकाराच्या प्रक्रियेकडे वळणारी दृष्टी या नामांतरात स्पष्ट दिसते.

१८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. पुढे नॉर्वेस जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला. मायसेटोमावरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये, तर मुंबईतील आवर्ती ज्वरावरील ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८८ मध्ये ते सेवानिवृत्त झाले.

उत्तरकालीन संशोधनाने कार्टर यांच्या सिद्धान्तास मर्यादा घातली. काळ्या कणांचा रोग कवकजन्यच ठरला. फिकट कणांच्या अनेक रुग्णांत मात्र कारण जीवाणू असल्याचे आढळले. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, कारण दोहोंचे औषधोपचार भिन्न आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हा रोग उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समाविष्ट केला, तो कार्टर यांनी दिलेल्या नावानेच. कारणावरून दिलेले नाव अधिक शास्त्रीय खरे. परंतु ज्ञान पुढे गेले म्हणजे तेच अपुरे पडते. म्हणून संज्ञा रूढ झाल्यावरही तिच्या अर्थाची फेरतपासणी करणे अभ्यासकास आवश्यक ठरते.