जोर-बैठकांवर संशोधन करायचंय? आधी भार मोजा, मग रक्त तपासा

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचा विषय आहे, 'सूरजागड परिसरातील नवोदित कुस्तीगीरांवर आठ आठवड्यांच्या बिनसाधन व्यायामाचा परिणाम'. विषय चांगलाच आहे. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरी गावांत बारबेल कुठून आणणार? आणि जोर, बैठका, दोर चढणं हे तर आपल्या तालमींचं जुनं भांडवल.

पण आरआरसीसमोर पहिला प्रश्न येईल, भार किती? 'रोज दोनशे जोर' हे त्याचं उत्तर नाही, ती नुसती संख्या झाली. २०११ च्या एका अभ्यासात पुशअप करणाऱ्यांच्या तळहातांखालचा भार मोजला होता. हात ताठ असताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे ६९ टक्के भरला, छाती खाली नेल्यावर ७५ टक्के. म्हणजे ६० किलोच्या मुलासाठी साधारण ४१ ते ४५ किलो. आता हाच आकडा उचलून जोराला लावू नका बरं का! जोरात अंग मागून पुढे सरकतं, भारही सरकतो. तो तुम्हालाच मोजावा लागेल. साधा वजनकाटा हाताखाली ठेवून, ठरावीक स्थितीत थांबवून अंदाज घेता येतो.

आणखी एक. जोर ढकलण्याचा व्यायाम, बैठक उठण्याची. कुस्तीत खेचावंही लागतं. ते काम दोर आणि मल्लखांब करतात. ते वगळून 'कुस्तीसाठीचा व्यायाम' म्हणायचं असेल तर कारण द्यावं लागेल.

वेळापत्रकही बघा. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, घरंच्या घरं पहाटे जंगलात जातात. तुमचा 'नियंत्रण गट' तेव्हा मैलोन्मैल चालत असेल. मग फरक जोरांमुळे पडला की तेंदूमुळे, कसं सांगणार?

मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट बहुतेक सिनॉप्सिसमध्ये नसतेच. गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. वाहकाला एरवी काही त्रास होत नाही, म्हणून त्याला स्वतःलाही माहीत नसतं. अतिश्रमात काय होतं? १९८७ मध्ये अमेरिकी लष्करातल्या कृष्णवर्णीय नवभरतींच्या अभ्यासात वाहकांमध्ये आकस्मिक मृत्यूचा धोका सुमारे २८ पट दिसला. २०१६ मध्ये जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मृत्यूचा धोका लक्षणीय वाढलेला आढळला नाही; पण श्रमाने स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरण्याचा धोका ५४ टक्के जास्त निघाला. मधल्या काळात लष्करात पाणी, विश्रांती आणि उष्णतेबाबतची काळजी सर्वांसाठीच वाढली होती. दोन्ही अभ्यास वाचा. फक्त पहिला वाचलात तर उगाच घाबराल, फक्त दुसरा वाचलात तर उगाच निर्धास्त व्हाल.

म्हणून वाहकांना वगळायचं नाही. भार हळूहळू वाढवायचा, पाणी आणि विश्रांती ठरवून द्यायची, 'दमेपर्यंत जोर' ही चाचणी पहिल्या आठवड्यात ठेवायचीच नाही. स्नायूंत असह्य वेदना किंवा काळपट लघवी दिसली तर तिथेच थांबवून दवाखान्यात न्यायचं; गावापासून ते किती लांब, हे आधीच बघून ठेवा.

रक्ततपासणीचा निकाल मात्र प्रशिक्षकाला यादीत देऊ नका. गावात तो लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचतो. संमतीपत्रात स्पष्ट लिहा की निकाल फक्त त्या मुलाला, आणि तो अठराच्या आतला असेल तर त्याच्या आईवडिलांनाही, डॉक्टर समोर बसून सांगतील.